माळावरचं देशी लॅव्हेंडर

गौरी-गणपती होऊन गेले, पावसाचा जोर ओसरला, की दख्खनच्या उघड्या माळांना आणि डोंगरउतारांना थोडेच आठवडे टिकणारा बहर येतो. कुर्डूचे तुरे वर आलेले असतात, तरवड पिवळाधमक झालेला असतो, कुसळी गवत अजून मऊ असतं. त्याच सुमाराला मुरमाड उतारावर, दगडांच्या आडोशाने, गुडघ्याएवढं एक सडसडीत झाड उभं राहतं. पानं शेपूच्या पानांसारखी बारीक चिरलेली, खोड चौकोनी, उंच दांड्याच्या टोकाला लांबट कणिश आणि त्यावर पांढुरकी ते फिकट निळसर, दोन ओठांची इवलीशी फुलं. मराठीत याला घोडेघुई म्हणतात. वनस्पतिशास्त्रातलं नाव लॅव्हेंड्युला बायपिनाटा.

साबणाच्या वड्यांवर आणि अत्तराच्या बाटल्यांवर ज्याचं चित्र असतं त्या लॅव्हेंडरचंच हे सख्खं भावंड आहे. जम्मूकडच्या भदरवाहमधली जांभळी शेतं गेल्या काही वर्षांत वर्तमानपत्रांत बरीच गाजली, पण तिथला लॅव्हेंडर युरोपातून आणून लावलेला आहे. आपल्या माळावरचा कुणी आणला नाही, तो इथलाच आहे. कॅनरी बेटांपासून भूमध्य समुद्राकाठच्या देशांत, उत्तर आफ्रिकेत आणि अरबस्तानात लॅव्हेंडरच्या चाळीसेक जाती पसरल्या आहेत. त्या पसाऱ्याचं पूर्वेकडचं टोक भारतात आहे, आणि त्या टोकावर दोनच जाती उभ्या आहेत. एक घोडेघुई. दुसरी तिची थोराड, लवदार बहीण, लॅव्हेंड्युला गिब्सोनी. या दुसरीचं घर महाराष्ट्राच्या सह्याद्रीत आहे.

इतकं असूनही घोडेघुईची ओळख पटायला अभ्यासकांना फार वेळ लागला. शास्त्राच्या पुस्तकात तिचं पहिलं वर्णन आलं १८२१ साली, आणि आज चालतं ते नाव तिला मिळालं १८९१ साली. मधल्या सत्तर वर्षांत जर्मनीतला एक डॉक्टर, लंडनचा एक वकील, मुंबईच्या टपालखात्यातला एक अधिकारी आणि पुण्याजवळच्या सरकारी बागेचा एक प्रमुख अशा कितीजणांचे हात या झाडाला आणि त्याच्या बहिणीला लागले. त्यांच्यासाठी रानोमाळ हिंडून झाडं गोळा करणारी इथली माणसं त्याहून अधिक होती. त्यांतल्या फारच थोड्यांची नावं उरली आहेत.

रानात एखादं झाड समोर आलं की पहिला प्रश्न कुळाचा. घोडेघुई तुळशीच्या कुळातली. या कुळाच्या खुणा शाळेतल्या मुलालाही शिकवता येतील अशा आहेत. खोड बोटांत धरून फिरवलं की चार कडा लागतात. पानं समोरासमोर, आणि एका जोडीवरची पुढची जोडी काटकोनात. फूल दोन ओठांचं. पण एवढ्यावर थांबलं तर फसगत होते, कारण अडुळसा, कोरांटी, कारवी यांच्या कुळातही पानं समोरासमोर असतात, पुष्कळदा फूलही दोन ओठांचं असतं आणि काहींचं खोडही चौकोनी निघतं. खरी परीक्षा फूल गळून गेल्यावर होते. फुलाखाली जी हिरवी पेली उरते तिला शास्त्रात संवर्त म्हणतात. तुळशीची सुकलेली मंजिरी तळहातावर चोळली की त्या पेलीतून बारीक काळपट दाणे पडतात. एका पेलीत चार दाणे. अडुळशाच्या कुळात तसं नसतं. तिथे बोंड धरतं, वाळतं, तडकतं आणि बी दूर उडवतं.

हे चार दाणे कार्ल लिनियस यांनी फार मनावर घेतले होते. १७५३ साली त्यांनी वनस्पतींची जी मांडणी छापली तिच्यात दोन लांब आणि दोन आखूड पुंकेसर असलेल्या फुलांचा एक वर्ग होता, आणि त्याचे दोन भाग होते. ज्यांचं बी बोंडात झाकलेलं, ती एकीकडे. ज्यांचं बी उघडं, ती दुसरीकडे. तुळस, पुदिना, लॅव्हेंडर ही सगळी ‘उघड्या बियांची’ ठरली. प्रत्यक्षात तो एकेक दाणा म्हणजे नुसतं बी नव्हे. बीजकोशाचे चार भाग होतात आणि प्रत्येक भागात एक बी राहतं. मराठी विश्वकोशाने त्यांना कपालिका म्हटलं आहे. लिनियस यांचा अर्थ चुकला, पण निरीक्षण अचूक होतं, आणि माळावर झाड ओळखताना आजही तेच कामी येतं.

कूळ कळलं तरी पुढची वाट सोपी नव्हती.

बेंजामिन हाइने हे मूळचे मिशनरी. तरंगंबाडीच्या मिशनमधून ते ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत वनस्पतिज्ञ म्हणून आले. दक्षिण भारतात हिंडून त्यांनी झाडांचे वाळवलेले नमुने मोठ्या संख्येने जमवले. १८१९ मध्ये मद्रासला त्यांचं निधन झालं. त्यांनी पाठवलेल्या नमुन्यांवरून आल्ब्रेख्ट रोथ यांनी १८२१ साली भारतातल्या नव्या वनस्पतींचा ग्रंथ छापला. रोथ हे ब्रेमेनजवळ डॉक्टरकी करत. भारत त्यांनी कधी पाहिला नाही. त्यांच्यासमोर होता तो कागदावर दाबलेला, रंग उडालेला, तपकिरी नमुना. बारीक चिरलेल्या पानांचं हे चौकोनी खोडाचं झाड त्यांनी बिस्ट्रोपोगॉन या प्रजातीत बसवलं आणि दोनदा चिरलेल्या पानांवरून त्याला बायपिनाटस हे विशेषण दिलं. बिस्ट्रोपोगॉन ही मुख्यतः कॅनरी आणि आसपासच्या अटलांटिक बेटांवरची झाडं. म्हणजे कूळ बरोबर, घर चुकीचं.

घर बरोबर शोधलं जॉर्ज बेंथम यांनी. ते वकिलीचं शिक्षण घेतलेले गृहस्थ, पण मन झाडांत. कलकत्त्याच्या कंपनी-बागेचे प्रमुख नॅथॅनिएल वॉलिक १८२८ मध्ये वनस्पतींच्या नमुन्यांचा प्रचंड साठा घेऊन लंडनला पोचले. तो लावून युरोपभरच्या अभ्यासकांना वाटण्याच्या कामात बेंथम यांनी हात घातला, आणि त्यातूनच तुळशीच्या कुळावरचा त्यांचा मोठा ग्रंथ १८३२ ते १८३६ या काळात भागाभागांनी बाहेर आला. जगभरचं हे कूळ पहिल्यांदाच एका माणसाच्या नजरेखालून सलग गेलं. दख्खनचं झाड लॅव्हेंडर आहे हे त्यांना दिसलं. त्यांनी ते लॅव्हेंड्युला प्रजातीत आणलं, पण जातीचं नाव मात्र बुर्मन या डच वनस्पतिज्ञावरून ठेवलं. पुढची साठेक वर्षं पुस्तकांतून लॅव्हेंड्युला बुर्मानी हेच नाव चाललं. जोसेफ हूकर यांनी ब्रिटिश भारताच्या वनस्पतिकोशाचा चौथा खंड १८८५ मध्ये पूर्ण केला, त्यातही हेच नाव आहे.

मग ओटो कुंट्से आले. वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात या माणसाला शिव्याच अधिक मिळाल्या. जे नाव आधी छापलं गेलं तेच खरं, या नियमावर अडून बसून त्यांनी १८९१ च्या आपल्या ग्रंथात हजारो वनस्पतींची नावं बदलली आणि समकालीनांचा रोष ओढवून घेतला. त्यांतली पुष्कळ नावं पुढे टिकली नाहीत. घोडेघुईच्या बाबतीत मात्र त्यांचं म्हणणं टिकलं. रोथ यांचं विशेषण सर्वांत जुनं, बेंथम यांची प्रजाती बरोबर. दोन्ही जोडून झालं लॅव्हेंड्युला बायपिनाटा. कुणाही माणसाच्या नावापेक्षा पानांची खूण सांगणारं हे नाव चांगलं, असंच म्हणावं लागेल, कारण माळावर उभं राहिल्यावर बुर्मन कामाला येत नाहीत, दोनदा चिरलेलं पान येतं.

दुसऱ्या बहिणीची गोष्ट पुण्याच्या मातीत घडली. मुळा-पवनेच्या काठी दापोडीला, तेव्हाच्या इंग्रजी कागदपत्रांतल्या दापुरीला, गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात, १८२८ मध्ये, सरकारी वनस्पती-बाग सुरू झाली. १८३८ पासून तिचा कारभार डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे होता. पेशाने शल्यचिकित्सक, पण दख्खनच्या झाडांची त्यांची माहिती दांडगी. जुन्नरजवळ हिवरे इथेही त्यांच्या देखरेखीखाली बाग होती. तिथून सह्याद्रीचा माथा आणि पूर्वेकडचा कोरडा मुलूख दोन्ही हाताशी. १८४७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. डोंगरावरची झाडी तुटली की झरे आटतात आणि खालची शेती कोरडी पडते, हे सरकारला ते अहवालांतून वारंवार बजावत राहिले. कोरड्या मुलखात राहून, हिंडून आलेलं हे शहाणपण होतं.

गिब्सन यांचे नमुने मुंबईत जॉन ग्रॅहम यांच्यापर्यंत पोचत. ग्रॅहम टपालखात्यातले वरिष्ठ अधिकारी. फावल्या वेळात त्यांनी मुंबई आणि भोवतालच्या वनस्पतींची यादी करायला घेतली. ती छापून होत असतानाच, १८३९ च्या मे महिन्यात, खंडाळ्याला त्यांचं निधन झालं आणि उरलेलं काम जोसेफ निम्मो यांनी पुरं केलं. पश्चिम भारतातल्या वनस्पतींची पहिली छापील यादी ती हीच, आणि तिच्यातच सह्याद्रीतल्या लवदार लॅव्हेंडरला गिब्सन यांचं नाव मिळालं.

दापोडीच्या बागेबद्दल आणखी एक सांगायलाच हवं. १८४७ ते १८५० या काळात गिब्सन यांनी बागेतल्या आणि रानातल्या झाडांची रंगीत चित्रं करून घेतली. ती आज एडिंबराच्या शाही वनस्पती-उद्यानात जपलेली आहेत. कागदपत्रांत चित्रकार ‘पोर्तुगीज-भारतीय’ असल्याचं कळतं. नाव कुठेही नाही. पानाच्या शिरा, देठाचा बाक, पाकळीवरची छटा इतक्या निष्ठेने उतरवणाऱ्या हाताचं नाव लिहून ठेवावं असं त्यावेळी कुणाला वाटलं नाही. वनस्पतीच्या नावात गिब्सन राहिले, चित्रकार राहिला नाही.

या अन्यायाला थोडा उतारा सापडतो तो थिओडोर कूक यांच्या ग्रंथात. कूक आयर्लंडचे, पेशाने इंजिनियर. रेल्वेचे पूल बांधायला आले आणि पुढे पुण्याच्या शास्त्र महाविद्यालयाचे, म्हणजे आजच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे, प्राचार्य झाले. भारतीय वनस्पति सर्वेक्षण ही संस्था १८९० मध्ये सुरू झाली तेव्हा पश्चिम भारताचं काम त्यांच्याकडे आलं. १८९३ मध्ये निवृत्त होऊन ते मायदेशी परतले आणि लंडनच्या क्यू उद्यानात बसून मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा कोश लिहीत राहिले. तो १९०१ ते १९०८ या काळात दोन खंडांत निघाला. तुळशीचं कूळ दुसऱ्या खंडात आहे. महाराष्ट्रातलं झाड ओळखायचं तर शंभर वर्षांनंतरही अभ्यासकाचा हात आधी याच पुस्तकाकडे जातो. १९५८ मध्ये सर्वेक्षण संस्थेने ते पुन्हा छापलं.

कूक यांनी प्रत्येक जातीखाली ती कुठे आणि कुणाला मिळाली ते नोंदवलं आहे. जो नमुना लेखकाने स्वतः पाहिला, त्याच्या संग्राहकाच्या नावापुढे उद्गारचिन्ह द्यायचं, अशी त्या शास्त्रातली रीत आहे. कोश चाळताना वुड्रो!, डाल्झेल!, लॉ! अशा साहेबी नावांच्या रांगेत पानापानावर दोन मराठी नावं भेटतात. एक कानिटकर! आणि दुसरं भिवा! भिवा यांचं आडनावही तिथे नाही. पण साहेबाच्या नमुन्याला जो मान, तोच भिवांच्या नमुन्याला, तेच उद्गारचिन्ह. घाटात, माळावर, पावसात भिजत आणि उन्हात तापत त्यांनी जे खुडून, दाबून, वाळवून आणलं, ते क्यूच्या टेबलावर पुरावा म्हणून उभं राहिलं.

हे काम नुसतं कष्टाचं नव्हतं, जाणतेपणाचं होतं. दख्खनचं झाड कागदावर नीट उतरवायचं तर आधी कोणतं झाड उपटायचं ते कळावं लागतं. फूलही हवं आणि फळही हवं, तळाची पानंही हवीत, कारण वरची आणि खालची पानं पुष्कळदा वेगळी असतात. टिपकागदाच्या घड्यांत नमुना दाबून ठेवायचा. पावसाळ्यात ते कागद रोज बदलावे लागतात, नाहीतर बुरशी धरते. वाळल्यावर कीड लागू नये म्हणून पाऱ्याच्या क्षाराचं विषारी द्रावण लावायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे चिठ्ठी. तिच्यावर ठिकाण, तारीख, झाडाची उंची, जमीन कशी, आणि फुलाचा रंग. घोडेघुईची फिकट निळाई थोड्या दिवसांत तपकिरी होते. चिठ्ठीवर रंग लिहिला नसेल तर तो कायमचा गेला.

पुण्याच्या या वर्तुळातल्या आणखी एकाचं नाव मात्र झाडाला मिळालं. एन. बी. रानडे यांनी सह्याद्रीत शोधलेल्या एका दुर्मिळ झुडपाला वुड्रो आणि श्टाफ यांनी अबुटिलॉन रानडेई म्हटलं. लोंबत्या घंटांसारख्या केशरी फुलांची ती सोनघंटा.

घोडेघुईची ही सगळी कथा कागदांवर घडली. तिच्याच कुळातल्या दुसऱ्या एका माळरानी झाडाची ओळख मात्र लोकांनी फार आधीपासून बाळगली होती. ते झाड म्हणजे तुंबा, शास्त्रातली ल्युकास प्रजाती. बाजरीच्या, कपाशीच्या शेतात, बांधावर, गावाबाहेरच्या पडीत पांढऱ्या टोपीच्या फुलांचे गोंडे घेऊन तो उभा असतो. आयुर्वेदातली द्रोणपुष्पी ती हीच. ताप, कावीळ, सूज यांवर तिचे उपयोग ग्रंथांत दिले आहेत. गंमत अशी की शेतकऱ्याला जे एक झाड वाटतं त्यात शास्त्राला अनेक जाती दिसतात, आणि त्या वेगळ्या काढायच्या तर पुन्हा तीच हिरवी पेली बघावी लागते. एकीत गोंडा मोठा, जवळजवळ लिंबाएवढा, आणि पानासारख्या छदांनी, म्हणजे फुलांखालच्या पानुल्यांनी, वेढलेला. दुसरीत छद काड्यांसारखे बारीक आणि पेलीचं तोंड तिरकं. तिसरीत पेलीच्या काठावरचे दात चांदणीसारखे बाहेर फाकलेले. लोकभाषेतली नावं इथे फार मदत करत नाहीत. कुंभा म्हटलं तर कुणाला हे रोप आठवेल आणि कुणाला जंगलातला कुंभ्याचा मोठा वृक्ष.

तुंब्याच्या निमित्ताने कोकणी माणसाचं नाव या इतिहासात फार लवकर येतं. मलबारचे डच गव्हर्नर हेंड्रिक फान रेडे यांनी ‘हॉर्टस मलाबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. तो अ‍ॅमस्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात छापला गेला. दहाव्या खंडात तुंब्याचं चित्र आहे. झाडांची माहिती देणाऱ्या जाणकारांत मलबारचे वैद्य इट्टी अच्युतन होते आणि कोचीनला वसलेले तीन कोकणी वैद्यही होते. रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट. त्यांनी आपली साक्ष १६७५ मध्ये नागरी लिपीत, कोकणी भाषेत लिहून दिली आणि ती पहिल्या खंडात जशीच्या तशी छापली आहे. दापोडीच्या चित्रकाराला जे मिळालं नाही, ते या तिघांना पावणेदोनशे वर्षं आधी मिळालं होतं.

वैद्यांची ओळख आणि शास्त्रज्ञांची ओळख यांची सांगड घालायचा मोठा प्रयत्न केला कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी. मुंबईचे लष्करी डॉक्टर, आणि वनस्पतींचे गाढे अभ्यासक. बाजारात औषधी झाड चुरडलेल्या, वाळलेल्या काड्यांच्या जुडीत येतं. ते खरं की खोटं हे चित्राशिवाय ठरवणार कसं? म्हणून त्यांनी आणि मेजर बी. डी. बसू यांनी भारतीय औषधी वनस्पतींच्या ग्रंथाला चित्रांची जोड दिली. हजारभर चित्रपट्ट झाले. ग्रंथ १९१८ मध्ये अलाहाबादहून प्रसिद्ध झाला. कीर्तिकर आदल्याच वर्षी गेले होते.

स्वातंत्र्याच्या आसपास या कामाचं केंद्र पुन्हा पुण्याला आलं. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर कलकत्त्याची प्राध्यापकी संपवून परतले आणि १९४६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी राहिली. तिथला वनस्पतिसंग्रह आजही आघारकरांच्या नावाने ओळखला जातो. वा. द. वर्तकांनी तिथूनच गोमंतकातल्या वनस्पतींची यादी केली, आणि पुढे माधव गाडगीळांबरोबर देवरायांचा अभ्यास केला. भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र १९५५ मध्ये पुण्यात सुरू झालं. फादर सांतापाव हे स्पेनमधून आलेले येशूसंघी. १९५३ मध्ये खंडाळ्याच्या आणि १९५८ मध्ये पुरंदरच्या वनस्पतींवर त्यांचे ग्रंथ आले. एकेक घाट, एकेक किल्ला घेऊन तो वर्षानुवर्षं ऋतूंगणिक पालथा घालायचा, ही त्यांची पद्धत. पुरंदरसारख्या घाटमाथ्यापासून दूर असलेल्या डोंगरावर एवढी मेहनत घेणारे अभ्यासक तेव्हाही थोडेच होते.

दरम्यान कूळही बदलत गेलं. १९९० च्या दशकापासून वनस्पतिशास्त्रज्ञांनी फुलांची रचना आणि डीएनए दोन्ही तपासून तुळशीच्या कुळाच्या सीमा नव्याने आखल्या. त्यामुळे साग, शिवण, निर्गुडी आणि पावसाळ्यात जिची भाजी होते ती भारंगी, ही सगळी आता तुळशीच्या आणि घोडेघुईच्या कुळात मोडतात. जुन्या पुस्तकांत ती दुसरीकडे सापडतील. कूक उघडताना एवढं ध्यानात ठेवावं.

वासाची अपेक्षा ठेवून घोडेघुईकडे जाणारा निराश होतो. चुरडलेल्या पानाला वास असतो, पण तो बाटलीतला लॅव्हेंडर नव्हे. तिच्या बहिणीच्या तेलाकडे मात्र अलीकडे संशोधकांचं लक्ष गेलं आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या अभ्यासकांनी २०१३ मध्ये डासांवर त्याचा परिणाम तपासून पाहिला.

आज रानफुलांची ओळख पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपी झाली आहे. श्रीकांत इंगळहळीकरांच्या ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’सारखी रंगीत पुस्तकं पाठीवरच्या पिशवीत मावतात, आणि मोबाइलवर फोटो टाकला की क्षणात नाव येतं. ते नाव पुष्कळदा चुकतं, कारण फोटो फक्त फुलाचा असतो. घोडेघुईची खूण पानात आहे, तुंब्याची पेलीत आहे, कुळाची चार दाण्यांत आहे. या तिन्ही गोष्टी फोटोत नसतील तर यंत्र अंदाजच करणार. दोनशे वर्षांपूर्वी रोथ यांची फसगत झाली ती नमुना अपुरा होता म्हणून की तुलनेला काही हाताशी नव्हतं म्हणून, हे आता ठरवणं कठीण. पण आपल्यासमोर तर जिवंत झाड आहे.

आणि ते झाड ज्या जमिनीवर उगवतं तिला सरकारदरबारी काय म्हणतात, हेही पाहायला हवं. देशाच्या पडीक जमिनींचा जो नकाशासंग्रह उपग्रहाच्या चित्रांवरून तयार होतो, त्यात झुडपी माळ ‘पडीक’ या सदरात मोडतात. एकदा पडीक म्हटलं की तिथे काहीही करायची मोकळीक मिळते. खड्डे काढून परदेशी झाडांची लागवड करा, मुरूम उपसा, शेड बांधा. घनदाट जंगल तुटलं तर ओरड होते. माळ सपाट झाला तर त्याला विकास म्हणतात. हे साफ चुकीचं आहे. भूमध्य समुद्रापासून अरबस्तानमार्गे आलेल्या एका वनस्पतिवंशाची शेवटची वस्ती ज्या माळांवर आहे, ते माळ पडीक नाहीत.

यावर कायद्याने गावाच्या हातात एक साधन दिलं आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. या वर्षी पाऊस संपल्यावर आपल्या गावच्या माळावर जा. फुलाबरोबर पान, खोड आणि संवर्त यांचे फोटो घ्या. तारीख, जागा आणि फुलाचा रंग लिहा, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना त्या झाडाचं नाव विचारा. ते नाव सांगणाऱ्या माणसाचं नावही नोंदवहीत घाला. मग माळाचा विषय ग्रामसभेपुढे येईल त्या दिवशी ती नोंदवही घेऊन उभे राहा.